वाचकांचे प्रश्न : कासव दिसेलच, असे लिहून देऊ नका

प्रश्न : पुण्यात आमचा सहलींचा छोटा व्यवसाय आहे. मार्चमध्ये कासवांची पिल्ले पाहण्यासाठी एक बस वेळासला नेण्याचा विचार आहे. एरवी आम्ही आचारी आणि शिधा बरोबर नेतो, त्यामुळे दर आटोक्यात राहतो. जाहिरातीत ‘जबाबदार पर्यटन’ असे लिहायचे झाल्यास नेमके काय बदलावे लागेल?

उत्तर : सर्वप्रथम आचाऱ्याला त्या सहलीपुरती सुट्टी द्यावी लागेल. मंडणगड तालुक्यातील या गावात पूर्वी ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी काढून नेली जात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने ग्रामस्थांना बरोबर घेऊन घरट्यांचे रक्षण सुरू केले आणि २००६ पासून तेथे कासव महोत्सव भरू लागला. पाहुणे गावातल्या घरांत उतरतात आणि तेथेच जेवतात, म्हणून कासव जगण्यात गावाचाही लाभ असतो. आपली बस शिधा घेऊन आली आणि जेवून निघून गेली, तर गावाच्या वाट्याला रिकाम्या बाटल्या आणि पत्रावळ्यांखेरीज काय उरणार?

माणशी दर वाढेल, हे उघड आहे. घरमालकाशी घासाघीस करून तो कमी करण्यापेक्षा आपले सेवाशुल्क ग्राहकाला वेगळे दाखवावे. घरमालकाला बयाणा आधी द्यावा आणि आयत्या वेळी सहल रद्द झाल्यास तो परत मागू नये, कारण त्याने तोवर नारळ, तांदूळ आणि मासळीची तजवीज केलेली असते. (बसचालकाच्या झोपण्याची सोयही दरातच धरावी, ती बहुतेक जण विसरतात.) खोल्या साध्या असतील आणि बरेचदा गाद्या जमिनीवर असतील, हे नोंदणीच्या वेळीच सांगितले, की तेथे पोहोचल्यावर कुरबुर होत नाही.

‘पिल्ले हमखास दिसतील’ असे आश्वासन मात्र मुळीच देऊ नये. अंडी उबण्यास साधारण दीड ते दोन महिने लागतात आणि हा काळ वाळूच्या तापमानावर अवलंबून असल्याने नेमका दिवस कोणालाच सांगता येत नाही. सकाळ-संध्याकाळ घरट्यावर झाकलेली टोपली उचलली जाते. खाली पिल्ले असली तर समुद्राकडे सोडतात, नसली तर पाहुणे माघारी वळतात. पैसे मोजलेल्या माणसाला हे पटवणे अवघड असते, म्हणून हरिहरेश्वर किंवा बाणकोटचा किल्ला कार्यक्रमात ठेवावा. पिल्ले उजेडाच्या दिशेने वळतात, त्यामुळे किनाऱ्यावर विजेरी आणि मोबाइलचा फ्लॅश बंद ठेवण्याची अट नोंदणीच्या कागदावरच छापावी, आणि पिल्लांच्या वाटेलगत बांधलेल्या दोरीच्या आत कोण जाणार हे तेथील कासवमित्रांनाच, म्हणजे घरट्यांची राखण करणाऱ्या ग्रामस्थांनाच, ठरवू द्यावे.

प्रश्न : जूनमध्ये भंडारदऱ्याला काजवे पाहायला जायचे आहे. गर्दीत भर घालणे योग्य ठरेल का?

उत्तर : शनिवार-रविवारी जाणार असाल, तर नाही. काजव्यांचे लुकलुकणे म्हणजे जोडीदाराला दिलेली हाक असते आणि गाड्यांच्या दिव्यांपुढे ती दिसेनाशी होते. मधल्या वारी जावे, गाडी गावात उभी करून स्थानिक वाटाड्याबरोबर चालत जावे आणि मळलेली वाट सोडू नये, कारण अनेक माद्या जमिनीलगतच्या गवतात असतात.