विद्यार्थ्याचा ‘प्रकार’ नको, अडलेली पायरी शोधा

शिवण, इलेक्ट्रिशियन, फिटर, पार्लर – वर्ग कुठलाही असो, शिकवणाऱ्यांची पत्रे फिरून एकाच जागी येतात. शेजारशेजारच्या मशीनवर १७ वर्षांची मुलगी आणि ४८ वर्षांची बाई बसली आहे, मग शिकवायचे कुणाच्या हिशेबाने? यावर कुणी वय विचारून गट पाडतो, कुणी चाचणी विकत घेतो. दोन्हींत वेळ जातो. म्हणून या वेळी नऊ प्रश्न एकत्र घेतले आहेत.

सोलापुरात अशोक चौकाजवळ माझा शिवणवर्ग आहे. २० जणी आहेत : बारावी झालेल्या मुली, विडीकाम सोडून आलेल्या बायका आणि घरी वर्षानुवर्षे ब्लाउज शिवणाऱ्या काही जणी. युनिफॉर्मच्या कारखान्यात काम मिळावे एवढेच सगळ्यांना हवे आहे. वयाप्रमाणे दोन बॅच कराव्यात का?

वयाप्रमाणे नको. पहिल्या दिवशी प्रत्येकीला १० इंचांचा चौकोनी तुकडा द्या. त्यावर अर्ध्या इंचाच्या अंतराने चार सरळ शिलाया, मग एक काटकोनी वळण आणि शेवटी वाटी ठेवून आखलेला गोल शिवायला सांगा. तुम्ही फक्त बघा. कुणाचा पाय अडतो, कुणाची नजर सुईवर खिळते आणि कापड वाकडे जाते, कुणाला कोपऱ्यात सुई खाली ठेवून फूट, म्हणजे कापड दाबणारी पट्टी, उचलायचे माहीत नसते. तुमचे गट तिथेच तयार होतात. ते आठवड्यापुरतेच ठेवा, कारण पुढच्या सोमवारी अडचण बदललेली असते.

तुम्हाला सर्वांत जास्त कष्ट घरी शिवणाऱ्या बायका देतील, कारण त्यांना आधीची सवय मोडायची आहे. पायमशीनवर दोन्ही पाय एका लयीत हलतात. कारखान्यातल्या मशीनवर पंजा दाबला की वेग येतो आणि टाचेने मागे दाबले की मशीन थांबते. घरच्या मशीनच्या सुईचा दांडा एका बाजूने सपाट असतो, त्यामुळे बसवताना बाजू लगेच कळते. औद्योगिक मशीनच्या डीबी गुणिले १ सुईचा दांडा गोल असतो. तिची लांब खाच डावीकडे यावी लागते आणि दोरा डावीकडून उजवीकडे ओवावा लागतो. हे वेगळे सांगितले नाही, तर दहा वर्षे शिवलेली बाई सुई फिरवून बसवते, टाके सुटतात आणि ती म्हणते, मशीनच खराब आहे. अशा बाईला मशीन म्हणजे काय इथपासून शिकवू नका, ती कंटाळेल. ‘तुमच्या मशीनपेक्षा इथे या चार गोष्टी वेगळ्या आहेत’ असे सांगून तेवढ्याच चार करून घ्या.

अगदी नवख्या मुलीला मात्र एकेक पायरी लागते. आधी दोरा न ओवता रेघांच्या वहीच्या कागदावर सुई चालवू द्या, भोके रेघेवर पडली पाहिजेत. सर्वो मोटर असेल तर कमाल वेग मिनिटाला हजार टाक्यांच्या आसपास बांधून ठेवा आणि आठवड्याने वाढवा. जुनी क्लच मोटर असेल तर कागदावरचा सराव दुप्पट करा, कारण तिथे सगळा ताबा पायावर असतो.

विडी वळलेल्या बाईला तुम्ही नवखी समजत असाल, तर ते चूक आहे. तेंदूचे पान पत्र्याच्या मापाने कापायची तिला सवय आहे, त्यामुळे पॅटर्न ठेवून कापणे ही कल्पना तिच्या बोटांत आधीच आहे. तिथून सुरुवात करा : हा पत्रा, हे पान. यंत्रमागावर काम केलेली कुणी असेल तर तिच्याकडून वर्गाला ताणा-बाणा समजावून घ्या. पॅन्टचा पाय उभ्या धाग्यावरच का कापायचा, हे ती तुमच्यापेक्षा चांगले सांगेल.

शिकवण्याचा क्रम चार टप्प्यांचा ठेवा. आधी तिला काय येते ते विचारा, मग करून दाखवा, मग तिच्याकडून करवून घ्या आणि करताना का ते तिलाच बोलायला लावा, मग दूर व्हा आणि अधूनमधून पाहा. १९४० च्या दशकात अमेरिकेत युद्धाच्या कारखान्यांत नव्या कामगारांना तयार करताना हाच क्रम वापरला गेला आणि अजून त्याहून सोपा क्रम मला माहीत नाही. तो मोडतो तिसऱ्या टप्प्यावर. शिलाई वाकडी गेली की शिक्षिका कापड ओढून घेते आणि स्वतः शिवून दाखवते. तसे करू नका. हात मागे ठेवा आणि विचारा, ‘कुठे बिघडलं असं वाटतं?’ खाली दोऱ्याचा गुंता झाला की सगळ्या जणी बॉबिन काढतात. बहुतेक वेळा दोष वरच्या दोऱ्यात असतो : तो टेन्शनच्या चकत्यांमध्ये नीट बसलेला नसतो किंवा वरखाली होणाऱ्या दांडीच्या भोकातून सुटलेला असतो. हे तिने स्वतः शोधले तर पुन्हा विसरत नाही.

आयटीआयला वयाची अट किती? माझे वय ३६ आहे.

किमान १४ वर्षे पूर्ण लागतात, वरची मर्यादा नाही. शिक्षणाची अट ट्रेडप्रमाणे बदलते, ती शासकीय आयटीआयत जाऊन विचारा, एजंटाला नको.

चाळिशीनंतर हात वळत नाही म्हणतात. माझ्या वर्गातल्या एक ताई चार महिने झाले तरी सुई ओवताना रडकुंडीला येतात.

त्यांचा हात नाही, डोळा अडतोय. चाळिशीच्या पुढे जवळचे अंधुक होणे हे जवळपास प्रत्येकाचे होते आणि जवळच्या चष्म्याने भागते. चार महिने! ही गोष्ट पहिल्या आठवड्यात कळायला हवी होती. काळ्या कापडावर काळ्या दोऱ्याची शिलाई देऊन ३५ ते ४० सेंटिमीटरवरून टाके मोजायला लावा. मान मागे गेली किंवा हात लांब झाला की समजा. रस्त्यावरचा तयार चष्मा घेऊ नका. दोन्ही डोळ्यांचा नंबर वेगळा असू शकतो आणि मोतीबिंदू किंवा काचबिंदू असेल तर तो तसाच राहून जातो. सिव्हिलच्या नेत्रविभागात किंवा कुठल्याही डोळ्यांच्या डॉक्टरांकडे याच आठवड्यात पाठवा. तोवर सुईपाशी वेगळा एलईडी दिवा लावा आणि सुईमागे पांढरा कागद धरा.

मोठ्या वयात नवी हालचाल बसायला थोडा जास्त सराव लागतो, हे खरे. पण तो एका बैठकीत तीन तास घेण्यापेक्षा चार दिवस पाऊण-पाऊण तास घ्या.

एका संस्थेचे लोक आमच्या केंद्रात आले होते. बोटांचे ठसे घेऊन प्रत्येक विद्यार्थी बघून शिकणारा, ऐकून शिकणारा की हाताने शिकणारा ते सांगतात, अहवालही देतात. डोके मोजून पैसे मागतात. घ्यावी का ही चाचणी?

घेऊ नका. एकाही विद्यार्थ्याकडून एक रुपयाही घेऊ देऊ नका.

यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र विकल्या जात आहेत, त्या आधी सोडवू. पहिली, बोटांच्या ठशांवरून बुद्धी ओळखणे. ठसे गर्भातच तयार होतात. मूल कशात हुशार होईल हे त्यांवरून कळते, याला पुरावा नाही. डीएमआयटी या नावाने चालणाऱ्या या चाचणीला शास्त्रीय आधार नसल्याचे इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटीनेही सांगितले आहे. गुळगुळीत कागदावरच्या रंगीत आलेखांमुळे त्यात काही फरक पडत नाही.

दुसरी गोष्ट जास्त पसरली आहे आणि चांगले शिक्षकही तिला बळी पडतात : प्रत्येकाची शिकण्याची एक ठरावीक शैली असते आणि त्या शैलीतच शिकवले तर तो जास्त शिकतो. ऐकायला पटते. पण तपासायचे कसे? ‘बघून शिकणारे’ आणि ‘ऐकून शिकणारे’ असे दोन गट करा. दोन्ही गटांतल्या निम्म्यांना चित्रांनी, निम्म्यांना बोलून शिकवा. शेवटी सगळ्यांची परीक्षा एकच घ्या. बघणारे चित्रांनी आणि ऐकणारे बोलण्याने जास्त शिकले, तर दावा खरा. २००८ मध्ये पॅशलर, मॅकडॅनियल, रोरर आणि ब्यॉर्क या चार मानसशास्त्रज्ञांनी झालेले संशोधन याच कसोटीवर तपासले. कसोटीला उतरतील असे अभ्यास हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेही निघाले नाहीत आणि जे नीट झाले होते, त्यांतले काही दाव्याच्या उलट गेले. त्याआधी २००४ मध्ये ब्रिटनमध्ये कॉफील्ड आणि सहकाऱ्यांनी शिकण्याच्या शैलींची ७१ प्रारूपे मोजली होती. माणसे खरोखर अशी विभागलेली असती, तर ७१ जणांनी ७१ तऱ्हांनी विभागली नसती.

लोकांना आवडनिवड नसते असे मी म्हणत नाही. कुणाला चित्र आवडते, कुणाला गप्पा. पण माध्यम शिकायच्या गोष्टीवरून ठरते. कॉलरचा आकार बघावाच लागतो, ‘श्राव्य’ विद्यार्थ्यालाही. बेअरिंग घासतेय की बेल्ट सुटतोय हे ऐकावेच लागते. बोल्ट किती आवळायचा ते मनगटालाच कळते, आणि विजेचे काम करण्याआधी पुरवठा बंद आहे का हे टेस्टरने तपासायचा नियम शब्दांत पाठच हवा. प्रत्येक काम प्रत्येकाला दाखवा, सांगा आणि करायला लावा.

या शिक्क्याने होणारे नुकसान पैशापेक्षा मोठे आहे. ‘तू हाताने शिकणारा’ असे लिहून दिले की मुलगा माप लिहायचे सोडतो. शिक्षकही त्याला ड्रॉइंग वाचायला देत नाही. दोन वर्षांनी तो हेल्परच राहतो, कारण ड्रॉइंग वाचणारा पुढे जातो. आधीच शाळेने ‘ढ’ म्हटलेल्या मुलांना आपण दुसरा शिक्का मारतो आणि त्याला शास्त्र म्हणतो, याचा मला मनापासून त्रास होतो. अहवाल आधीच घेतले असतील तर ते वर्गात वाचून दाखवू नका. एखाद्या विद्यार्थ्याबद्दल खरोखर शंका असेल तर मान्यताप्राप्त मानसशास्त्रज्ञाकडे पाठवा.

यंत्रमागावर २२ वर्षे काढलेले एक काका इलेक्ट्रिशियनच्या कोर्सला आहेत. मोटर खोलून जोडतात, पण स्टार्टरचा सर्किट डायग्राम दिसला की गप्प होतात. पोरे हसतात.

आधी हसणे बंद करा, ते तुमच्या हातात आहे. मग डायग्राम बाजूला ठेवा आणि खरा डीओएल स्टार्टर (मोटर थेट पुरवठ्यावर सुरू करणारा) टेबलावर ठेवा, पुरवठ्याशिवाय. त्यावरचे आकडे काकांनाच वाचायला लावा : कॉइलचे ए१-ए२, होल्डिंगचे, म्हणजे बटण सोडल्यावरही मोटर चालू ठेवणारे, १३-१४, ओव्हरलोडचे ९५-९६. त्यांनी एकेक वायर मल्टिमीटरने तपासायची आणि तपासली की कागदावर तेवढीच रेघ काढायची. आधी तीन फेजची मोटरपर्यंतची वाट, नंतर वेगळ्या कागदावर कंट्रोलची. त्यांनी काढलेला कागद म्हणजेच डायग्राम. त्यानंतर छापील शेजारी ठेवा.

मग १३-१४ ची वायर गुपचूप काढा. हिरवे बटण दाबले की मोटर चालते, सोडले की थांबते. हा दोष काकांनी मागावर नक्की पाहिलेला असेल. तो कागदावर कुठे आहे ते पोरांना त्यांनी दाखवावे. पुरवठा जोडून करायचा हा भाग फक्त प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, एमसीबी आणि अर्थिंग तपासूनच.

निम्म्या विद्यार्थिनी घरी तेलुगू बोलतात. मराठी नोट्स समजत नाहीत.

नोट्स कमी करा, फोटो वाढवा. प्रत्येक पायरीचा एक फोटो, खाली मराठी आणि तेलुगूत एकेक ओळ, पण तेलुगू ओळ विद्यार्थिनीकडूनच तपासून घ्या. बॉबिन, कफ, ओव्हरलॉक हे शब्द सगळ्यांचे एकच आहेत. पायरी समजली का हे विचारताना उत्तर त्यांच्या भाषेत देऊ द्या आणि हात बघा.

एका मुलाला टेपवरचे अपूर्णांक येतच नाहीत. ३/८ आणि ५/८ मध्ये कायम गोंधळ.

अपूर्णांक सोडा, सूत शिकवा. एका इंचात ८ सूत, म्हणजे ३/८ झाले तीन सूत. छाती ३७ असेल तर चौथा भाग काढायला ३७ इंचांची कागदी पट्टी दोनदा दुमडू द्या, ९ इंच २ सूत येईल. तीन-चार आठवडे रोज पाच मापे घ्या. तरीही आकडे उलटत असतील, वाचतानाही अक्षरे अडत असतील, तर आळशी म्हणून सोडू नका. विशिष्ट अध्ययन अक्षमता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे. तपासणीसाठी सरकारी रुग्णालयात चौकशी करा आणि पालकांशी आधी एकांतात बोला.

याच प्रकारची दुसरी शंका : एखादा मुलगा लाल आणि हिरव्या वायरींत वारंवार चुकत असेल तर त्याची रंगांधळेपणाची तपासणी होईपर्यंत विजेच्या प्रात्यक्षिकाला हात लावू देऊ नका. आपल्याकडे हिरवी अर्थिंगची असते आणि लाल फेजची. अंदाजाने ठरवू नका, डोळ्यांच्या डॉक्टरांकडूनच लेखी घ्या.

विद्यार्थिनी डावखुरी आहे. उजव्या हाताची सवय लावावी का?

नाही. डावखुऱ्यांची कात्री आणून द्या, कारण उजव्या कात्रीत पाते तिची खूण झाकते आणि कापड मुडपते. मशीन तेच चालेल.

नळाला पाणी येणार त्या दिवशी निम्म्या बायका येत नाहीत, मग पुढचा धडा लागत नाही.

तो दिवस वेळापत्रकात धरा. पाण्याच्या दिवशी नवे काही शिकवू नका, आलेल्यांकडून आधीचे काम न बघता करवून घ्या. नवी पायरी दुसऱ्या दिवशी घ्या. पायऱ्यांचे फोटो व्हॉट्सअॅपवर टाका, पण व्हिडिओ टाकणार असाल तर हाताच्या मागून, शिवणाऱ्याच्या नजरेने काढलेला टाका आणि तीन मिनिटांच्या वर नको. समोरून काढलेल्या व्हिडिओत डावे-उजवे उलटते, आणि घरी बघून आलेली बाई कफ उलटा लावते.