मशीन फोटोत नेमकं बघतं तरी काय?

प्रश्न : फोटो ओळखण्यात कॉम्प्युटर माणसाच्या पुढे गेला असं सारखं वाचायला मिळतं, मग एक्स-रे बघायला अजून डॉक्टर का लागतो? आणि गेल्या काही वर्षांत खरंच नवीन काय झालंय?

उत्तर : हे ‘माणसाच्या पुढे’ प्रकरण आलं इमेजनेट या फोटो ओळखण्याच्या स्पर्धेतून. तिथे १००० प्रकारच्या गोष्टींचे साधारण १२ लाख फोटो मॉडेलला (म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या प्रोग्रॅमला) शिकायला द्यायचे आणि मग नवीन फोटोवर पाच अंदाज करायला लावायचे, पाचात बरोबर उत्तर नसेल तर चूक. २०१२ ला अ‍ॅलेक्सनेट या मॉडेलची चूक होती १५.३ टक्के आणि दोन नंबरवाल्यांची २६.२, म्हणजे केवढी उडी बघा, आणि २०१५ ला रेझनेट या मॉडेलने ती ३.५७ वर आणली. एका संशोधकाने स्वतः बसून तीच परीक्षा दिली तेव्हा त्याची चूक ५ टक्क्यांच्या आसपास आली होती. बातम्या झाल्या त्या यावरून.

पण ही त्या एका परीक्षेतली गोष्ट. मॉडेलला आपण ‘न्यूमोनिया शोध’ असं सांगतच नाही, फक्त फोटो आणि उत्तरं देतो, आणि उत्तराशी जे काही जुळेल ते ते उचलतं. २०१८ च्या एका अभ्यासात हेच सापडलं, एक्स-रे कुठल्या हॉस्पिटलचा आहे हे मॉडेल जवळजवळ अचूक ओळखत होतं, कोपऱ्यात ठेवलेल्या धातूच्या खुणेवरूनसुद्धा, आणि एका हॉस्पिटलात न्यूमोनियाचे पेशंट जास्त असल्यामुळे तेवढ्यावर त्याचे मार्क वाढत होते! बाहेरच्या हॉस्पिटलचे एक्स-रे दिले की बऱ्याचदा घसरत होतं. फुफ्फुसाकडे न बघता बरोबर उत्तर येत असेल तर ते पेशंटच्या काय कामाचं, म्हणून डॉक्टर हवाच.

नवीन म्हणाल तर बरंच आहे. २०२० मध्ये व्हिजन ट्रान्सफॉर्मर हा मॉडेलचा नवा प्रकार आला, तो फोटोचे छोटे चौकोन करून त्यांचा एकमेकांशी संबंध शिकतो. मला त्याहून मोठी वाटते ती २०२१ ची क्लिप (CLIP नावाचं मॉडेल), कारण तिथे माणसाने एकेका फोटोला लेबल लावायची गरजच राहिली नाही, इंटरनेटवरचे ४० कोटी फोटो आणि त्यांच्यासोबतचा मजकूर यावरच ती शिकली. २०२३ च्या सॅम (SAM) या मॉडेलमध्ये फोटोत एका ठिकाणी क्लिक केलं की ते ती वस्तू कडेने वेगळी काढून देतं.

प्रश्न : माझ्याकडे जेमतेम काहीशे फोटो आहेत, प्रोजेक्ट होईल का?

उत्तर : होईल की. शून्यापासून ट्रेन करू नका, डिनोव्ही२ सारखं आधीच शिकलेलं मॉडेल घ्या, ते तसंच ठेवून फक्त शेवटचा थर (उत्तर ठरवणारा भाग) तुमच्या फोटोंवर शिकवा. एक मात्र नक्की पाळा, एकाच पेशंटचे किंवा एकाच वस्तूचे फोटो ट्रेनिंग आणि टेस्ट दोन्हीकडे जाऊ देऊ नका, आणि जमलं तर टेस्टचे फोटो दुसऱ्याच कॅमेऱ्याने काढलेले ठेवा.