आधी खोकं वाच, मग प्लगइन उघड

जुना प्रयोगशील अल्बम टेपवरून डिजिटल करायला घेतलायस, उत्साह कळतो, पण नॉइज रिडक्शनला (खरखर पुसणाऱ्या प्लगइनला) इतक्यात हात लावू नकोस. प्रयोगशील अल्बममध्ये खरखर हीच कधी कधी रचना असते. मी एकदा बाराव्या मिनिटाची घरघर 'साफ' केली आणि नंतर मास्टर टेपच्या (अल्बमच्या मूळ, अंतिम टेपच्या) खोक्यावर पेन्सिलीने लिहिलेलं दिसलं: 'मोटरचा आवाज ठेवा'. सगळं पुन्हा करत बसलो.

एलपी तबकडीच्या एका बाजूला साधारण 22 मिनिटंच नीट बसतात, म्हणून सलग रचना मधोमध तोडल्या जात, क्रमही बदलला जाई. ती तोड कुठे पडली ते शोध. बाजूच्या शेवटी बंद खाच (स्वतःलाच जोडलेली, जिच्यात सुई गोल फिरत राहते) असेल तर तिथे रेंगाळ. मिनिटाला 33⅓ फेऱ्यांच्या वेगाने तिचा एक फेरा 1.8 सेकंदांचा, आणि सुई उचलेपर्यंत तो चालूच. फाइलमध्ये ते कसं आणायचं? मी दोन मिनिटं फिरवून सरळ तोडतो, फेड करत (आवाज हळूहळू विरवत) नाही. यावरून वाद होतात, होऊ देत.

सत्तरच्या दशकातली टेप चिकट लागली तर वाजवूच नकोस. ती सुमारे 54 अंश सेल्सिअसला काही तास भाजावी लागते, जाणकाराकडे दे. टेपवरून फाइलमध्ये ट्रान्सफर 24 बिट, 96 किलोहर्ट्झला घे आणि ती फाइल न छेडता बाजूला ठेव.