एका दिवसात मॉरेटन बेट

प्रश्न : मे महिन्यात मुलीकडे ब्रिस्बेनला जाणार आहोत. मॉरेटन बेट एका दिवसात होईल का? नातवाला वाळूच्या टेकडीवरून घसरायचंय, माझे गुडघे दुखतात. – एक वाचक, सांगली

उत्तर : होईल, पण सकाळची पहिली बोट गाठा. ब्रिस्बेनमधल्या पिंकेन्बा धक्क्याहून बेटावरच्या टँगालूमाला सव्वा तास लागतो. गाडी नेऊ नका. बेटावर पक्के रस्ते नाहीत, फोर व्हील ड्राइव्ह आणि परवाना लागतो.

घसरण्याची सहल बोटीच्या तिकिटासोबतच राखून ठेवा. फळीच्या गुळगुळीत बाजूला मेण घासायचं, पालथं झोपायचं, पुढची कड दोन्ही हातांनी वर ओढून धरायची. कड खाली गेली की फळी वाळूत रुतते आणि तोंड वाळूने भरतं. कोपरं आणि पाय वर, तोंड बंद. प्रत्येक वेळी टेकडी पायीच चढायची असते, म्हणून तुम्ही खाली थांबलेलंच बरं. मोबाइल, कॅमेरा बंद पिशवीत. बारीक वाळू कुठेही शिरते.

किनाऱ्याजवळ मुद्दाम बुडवलेली १५ जहाजं आहेत. तिथे प्रवाह जोरदार असतो. भरती पुरी होऊन पाणी थोडा वेळ स्थिर होतं, तेव्हाच आणि वाटाड्यासोबतच पोहावं. नातवाला लाइफ जॅकेट हवंच.