लगेच हो म्हणू नकोस

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. दोन वर्षं कोड लिहिल्यावर मॅनेजरने तुला बोलावून विचारलं, की आता प्रोजेक्ट कोऑर्डिनेशन बघशील का. कारण काय, तर 'तुझं सगळ्यांशी छान जमतं, तुझ्या नोंदी नीट असतात.' तू लिहितेस की ऐकताना बरं वाटलं आणि घरी पोहोचेपर्यंत पोटात गोळा आला. त्या गोळ्याचं ऐक. लगेच हो म्हणू नकोस.

कोऑर्डिनेशन हे हलकं काम आहे असं मी मुळीच म्हणत नाही. मोडकळीला आलेलं प्रोजेक्ट तडीस नेणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण ती वाट त्यांनी स्वतः निवडली होती. तुला पहिल्यांदा शोधायचंय ते एवढंच, की तुझ्याइतकाच अनुभव असलेल्या, सगळ्यांशी तितकंच जमणाऱ्या तुझ्या टीममधल्या मुलाला हे विचारलं होतं का? की त्याला त्याच आठवड्यात नव्या सिस्टीमच्या डिझाइनला बसवलं?

बहुतेक वेळा यात कुणाचा वाईट हेतू नसतो, म्हणून तर ते पटकन दिसत नाही. मीटिंगचा गोषवारा कुणी लिहायचा म्हणून सगळे एकमेकांकडे बघतात आणि तू वही उघडतेस. नव्या माणसाला सिस्टीम समजावून सांगायची, बिनसलेल्या दोघांना बोलतं करायचं, राहून गेलेलं डॉक्युमेंटेशन पुरं करायचं. यातलं काही झालं नाही तर टीमचं अडतं, पण अप्रेझलच्या फॉर्ममध्ये यासाठी रकाना नसतो. वर्ष संपतं तेव्हा तू दमलेली असतेस आणि दाखवायला हातात फारसं काही नसतं.

आपल्या क्षेत्राची सुरुवातच अशी झाली आहे. एनिॲक हा अमेरिकेतला अगदी सुरुवातीचा, जवळपास 18,000 व्हॅक्यूम ट्यूबचा (काचेच्या निर्वात नळ्यांचा) संगणक. त्याचं प्रोग्रामिंग सहा तरुणींनी केलं: केय मॅकनल्टी, बेटी जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान बिलास आणि रूथ लिख्टरमन. यंत्र बांधणं हे खरं काम आणि त्याच्याकडून गणितं करवून घेणं ही कारकुनी, असा तेव्हाचा समज, म्हणून ते बायकांकडे आलं. प्रोग्रामिंगची भाषा नव्हती, शिकवायला कुणी नव्हतं. यंत्रातल्या विद्युत मंडलांच्या आकृत्या वाचून त्यांनी ते यंत्र समजून घेतलं. फेब्रुवारी 1946 मध्ये जाहीर प्रात्यक्षिक झालं. तोफगोळा जमिनीवर पडायला जेवढा वेळ घेतो त्याहून कमी वेळात यंत्राने त्याचा मार्ग काढून दाखवला. तो प्रोग्राम जेनिंग्ज आणि स्नायडर यांचा होता. त्या रात्रीच्या समारंभी भोजनाला या बायकांना बोलावणं नव्हतं. त्यांची नावं लोकांना नीट कळायला पुढे कित्येक दशकं जावी लागली.

आता माझी गोष्ट सांगते. नोकरीच्या चौथ्या वर्षी एका रात्री आमची पैसे भरण्याची सिस्टीम बंद पडली. ड्यूटीवर मी होते. डेटाबेस थोडा संथ झाला होता, तेवढंच. पण उत्तर आलं नाही की आमची प्रत्येक सर्व्हिस, म्हणजे सिस्टीमचा एकेक स्वतंत्र भाग, डेटाबेसला तत्क्षणी पुन्हा विचारत होती, पुन्हा, पुन्हा. मूळ अडचण ओसरली तरी आमच्याच प्रश्नांच्या लोंढ्याखाली डेटाबेस गुदमरत होता. किती वेळा पुन्हा विचारायचं यावर मी मर्यादा घातली, दर खेपेला आधीपेक्षा जास्त थांबायचं असं केलं आणि सगळ्या सर्व्हिस एकाच क्षणी तुटून पडू नयेत म्हणून त्या थांबण्यात थोडा कमीजास्तपणा ठेवला. पहाटे तीनला डेटाबेसवरच्या भाराचा आलेख खाली उतरताना मी एकटी बघत होते. केलेलं सगळं चॅटवर तुकड्यातुकड्यांत लिहिलं आणि झोपले.

सकाळी मी पोहोचायच्या आत एका सहकाऱ्याने ते तुकडे जोडून सुरेख रिपोर्ट तयार केला होता, खाली त्याचं नाव. त्याने चोरी केली असं मी आजही म्हणणार नाही, कुणीतरी लिहायला हवं होतं आणि त्याने लिहिलं. पण वर्षअखेरीला 'त्या रात्रीचा प्रश्न सोडवणारा' म्हणून बढतीच्या चर्चेत त्याचं नाव निघालं. मी खोलीत नव्हते, आणि माझ्या बाजूने दाखवायला एक पानही नव्हतं.

तेव्हापासून एक सवय ठेवली आहे, ती तू आजपासून लाव. काम संपलं की त्याच दिवशी, कितीही दमलेली असलीस तरी, पाच-सहा ओळी लिही: काय बिघडलं होतं, तुला काय सुचलं, कुठला पर्याय सोडलास आणि का, आधीचा आकडा काय होता, नंतरचा काय. 'दुरुस्ती करण्यात आली' असं लिहू नकोस. कुणी केली? 'मी केली' असं लिही. आपल्याला लहानपणापासून 'मी मी करू नये' शिकवलेलं असतं, त्यामुळे सुरुवातीला हात अडखळतो. ज्याने मदत केली त्याचं नावही तितक्याच स्वच्छपणे घाल, म्हणजे तुझ्या 'मी'वर लोकांचा विश्वास बसतो.

नावाचं मोल स्टेफनी शर्ली यांना चांगलं कळलं होतं. 1962 मध्ये त्यांनी इंग्लंडमध्ये घरून काम करणाऱ्या बायकांची सॉफ्टवेअर कंपनी काढली. स्वतःच्या नावाने पाठवलेल्या पत्रांना उत्तरं येईनात, म्हणून त्या 'स्टीव्ह' अशी सही करू लागल्या आणि कामं मिळू लागली. तुझ्यावर ती वेळ नाही, पण न सही केलेलं काम दुसऱ्याच्या खात्यावर जमा होतं, हे अजून बदललेलं नाही.

मॅनेजरशी बोलताना भांडायची गरज नाही. सरळ विचार: 'ही भूमिका घेतली तर माझी बढती कुठल्या निकषांवर होईल? आठवड्यातले किती दिवस मी कोड लिहीन? सहा महिन्यांनी परत यायचं ठरवलं तर जागा असेल का?' उत्तरं मोघम आली तर नम्रपणे नाही म्हण, आणि त्याच बैठकीत तुला हवं ते माग, म्हणजे पुढच्या मोठ्या डिझाइनची जबाबदारी. नुसता नकार देऊन उठू नकोस. गोषवाऱ्यासाठी पाळी लावायलाही तिथेच सुचव. जे ठरेल ते संध्याकाळी मेलने त्यांना पाठव.

पगाराबद्दल विचारलंस. आकडा आधी तू सांगू नकोस, त्या पदाची पगाराची मर्यादा विचार, आणि उत्तर आल्यावर काही क्षण गप्प राहा. बाकी पुढच्या पत्रात.

आणि पुढे कधी मूल किंवा आजारपण यामुळे सुट्टी घ्यावी लागली तर काय, ही भीती आत्ता नको. ती सुट्टी येईल तेव्हा घे. आजची चांगली कामं उद्याच्या सुट्टीच्या नावाने सोडू नकोस.

मॅनेजरशी भेट कधी ठरली ते कळव. त्याआधी गेल्या वर्षातली तुझी तीन कामं वर सांगितलं तशी लिहून मला पाठव. जिथे जिथे 'आम्ही' म्हणून लपली असशील तिथे मी खूण करून देते. रात्री उशिरा फोन केलास तरी चालेल.

तुझीच,
ताई