नोकरी गेली, ग्रीन कार्डचं काय?

अमेरिकेत एच-१बी व्हिसावर (कुशल कर्मचाऱ्यांसाठीचा तात्पुरता नोकरी व्हिसा) काम करणाऱ्या वाचकांच्या पत्रांत सध्या एकच विषय आहे : ले-ऑफ, म्हणजे नोकरकपात. त्यातल्या काही प्रश्नांना ही उत्तरं.

प्रश्न : कंपनी तीन महिन्यांचा सेव्हरन्स (नोकरी जाताना मिळणारी भरपाई) देणार आहे. म्हणजे माझे ६० दिवस तीन महिन्यांनंतरच सुरू होतील ना? (एडिसन, न्यू जर्सी)

नाही. याच गैरसमजापायी चांगली चांगली माणसं अडकतात. नोकरी गेल्यावर देशात राहायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. २०१७ पासून मिळणारी ही सवलत साधारणपणे पगाराच्या शेवटच्या दिवसानंतर लगेच सुरू होते, आणि सेव्हरन्स म्हणजे पगार नव्हे. तुमचा आय-९४ (देशात राहण्याची मुदत सांगणारी नोंद) त्याआधी संपत असेल, तर मुदतही तिथेच संपते. काही कंपन्या 'काम करू नका, पण पे-रोलवर राहा' असा महिना-दोन महिन्यांचा काळ देतात. त्याच्या भरवशावर राहू नका. काम थांबलं त्या दिवसापासून मोजलेलं बरं. पे-रोलवरचा शेवटचा दिवस कोणता, हे एचआरकडून आजच लेखी घ्या.

या ६० दिवसांत नुसतं ऑफर लेटर येऊन भागत नाही. नव्या कंपनीची एच-१बी याचिका दाखल झालेली हवी. तिच्याआधी श्रम खात्याकडून एलसीए (पगार आणि कामाच्या अटींचा मंजूर अर्ज) घ्यावा लागतो, त्यातच कामकाजाचे सात दिवस जातात; मग वकील, सह्या, कागदपत्रं. ऑफर पंचेचाळिसाव्या दिवसाच्या आत हातात हवी, असं धरून चाला. याचिका वेळेत दाखल झाली की मंजुरीची वाट न पाहता नवं काम सुरू करता येतं.

प्रश्न : माझं आय-१४० २०१९ मध्ये मंजूर झालं, प्रायॉरिटी डेट २०१८ ची आहे. जुन्या कंपनीने ते मागे घेतलं तर इतक्या वर्षांची रांग वाया जाईल? (डॅलस)

जाणार नाही. आय-१४० म्हणजे तुमच्या ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेली याचिका, आणि प्रायॉरिटी डेट म्हणजे ग्रीन कार्डाच्या रांगेतली तुमची तारीख. मंजुरीला १८० दिवस उलटले असले, तर कंपनीने मागे घेतलं म्हणून आय-१४० रद्द होत नाही. सहा वर्षांच्या नेहमीच्या मर्यादेपुढची एच-१बी मुदतवाढही त्याच्याच आधारावर मिळते. १८० दिवसांच्या आत मागे घेतलं, तर मुदतवाढीचा आधार जातो, पण तारीख तेव्हाही तुमचीच राहते. अपवाद फसवणुकीचा किंवा मूळ मंजुरीतल्या गंभीर चुकीचा.

नव्या कंपनीला मात्र पर्म (ग्रीन कार्डासाठी श्रम खात्याकडून घ्यायची मंजुरी) आणि आय-१४० पुन्हा करावं लागतं. ते कधी सुरू करणार, हे ऑफर स्वीकारण्याआधीच विचारा. संकोच करू नका, भारतीयांच्या रांगेत एकेक वर्ष मोलाचं आहे.

आणि कागद! आय-१४० च्या मंजुरीची नोटीस कंपनीच्या नावाने निघते आणि बहुतेकांकडे तिची प्रतच नसते. ऑफिसचा ईमेल बंद होण्याआधी ती मागून घ्या. कंपनीने दिली नाही, तर आपल्याकडच्या माहिती अधिकारासारखा तिकडचा कायदा आहे. त्याखाली यूएससीआयएसकडे (अमेरिकेचं इमिग्रेशन खातं) स्वतःची फाइल मागता येते, फक्त वेळ लागतो.

प्रश्न : माझं पर्म अजून श्रम खात्यातच पडून आहे. (सिअ‍ॅटल)

मग ते गेलं असंच समजा. तारीख तुमची होते ती आय-१४० मंजूर झाल्यावर. नव्या कंपनीत पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल.

प्रश्न : आय-४८५ (ग्रीन कार्डासाठीचा स्वतःचा शेवटचा अर्ज) दाखल करून आठ महिने झाले, ईएडी (काम करण्याचा परवाना) हातात आहे. आता नोकरी गेली. नाशिकला आई आजारी आहे, जाऊन येऊ का? (शिकागो)

आधी दिलासा : तुमची स्थिती सगळ्यांत बरी. १८० दिवस उलटले आहेत, तेव्हा आय-१४० मंजूर असेल तर त्याच किंवा मिळत्याजुळत्या स्वरूपाचं काम धरून 'सप्लिमेंट जे' (नव्या नोकरीची माहिती देणारा फॉर्म) भरा. तोच अर्ज पुढे चालतो. अर्ज प्रलंबित असेपर्यंत तुम्हाला राहता येतं, ईएडीवर कामही करता येतं.

नाशिकला मात्र अ‍ॅडव्हान्स परोल (बाहेर जाऊन परत येण्याची आगाऊ परवानगी) असल्याशिवाय निघू नका. एच-१बीची नोकरीच राहिली नाही, म्हणजे त्या व्हिसावर परत येणं नाही, आणि परोलविना देश सोडला तर आय-४८५ सोडून दिला असं धरतात. आईसाठी तातडीने जायचं असेल, तर आणीबाणीचा परोल मागता येतो. डॉक्टरांचं पत्र मागवून घ्या.

प्रश्न : पन्नास दिवस झाले, ऑफर नाही. मुलं शाळेत आहेत. परत जावं का? (बे एरिया)

नवरा किंवा बायको एच-१बीवर असेल, तर साठाव्या दिवसाआधी आय-५३९ (व्हिसाचा दर्जा बदलण्याचा अर्ज) भरून एच-४ (एच-१बीवाल्याच्या जोडीदाराचा दर्जा) मागा. त्यांचं आय-१४० मंजूर असेल, तर एच-४ वर ईएडीही मिळू शकतं. तसं नसेल तर बी-२ (पर्यटकाचा दर्जा) साठी अर्ज करता येतो. त्यात मुलाखती देता येतात, काम नाही. आणि बी-२ वर गेल्यानंतर एच-१बीची नवी याचिका मंजूर होईपर्यंत कामावर रुजू होता येत नाही.

परतण्याचा निर्णय घेताना एक हिशेब जरूर करा. सप्टेंबर २०२५ च्या अध्यक्षीय घोषणेनुसार, देशाबाहेर असलेल्या आणि वैध एच-१बी व्हिसा नसलेल्या माणसासाठी नवी याचिका करायची तर कंपनीला एक लाख डॉलर भरावे लागतात. ही घोषणा लागू असेपर्यंत पुण्यात बसून ऑफर मिळवणं फार अवघड. तेव्हा पासपोर्टवरचा व्हिसा कधीपर्यंत आहे, ते आधी पाहा. जायचंच ठरलं, तर परतीच्या प्रवासाचा वाजवी खर्च तुम्हाला नोकरीवरून काढणाऱ्या कंपनीने द्यायचा असतो. कुटुंबाचा नाही, पण तुमचा नक्की. तो मागून घ्या.