जास्त खाऊन तब्येत बिघडते त्याला 'अजीर्ण' सोडून जुना मराठी शब्द आहे का?

आहे की, मोडशी. लग्नाच्या पंगतीत आग्रहाने जिलब्या रिचवल्या, वर मठ्ठा, आणि रात्री उलट्या-जुलाब सुरू झाले की घरातली म्हातारी माणसं म्हणायची "मोडशी झाली त्याला", आणि लगेच आल्यालिंबाचा रस, चिमूटभर सैंधव घालून. नुसतं पोट तट्ट फुगून बसवत नाही त्याला 'तडस लागणं' म्हणतात, ती मोडशी नव्हे. करपट ढेकरा, मळमळ, अंग मोडून येणं आणि मग वर-खाली दोन्हीकडून सुरू, ती मोडशी.

मला हा शब्द फार आवडतो कारण तो कुठल्या कुठे जाऊन आलाय. गोव्यात राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता, त्याचं पुस्तक 1563 साली गोव्यातच छापलं गेलं, त्यात कॉलऱ्यासारख्या आजाराला इथले लोक 'मोर्शी' म्हणतात असं लिहिलंय आणि जास्त खाणाऱ्यांना त्याचा धोका जास्त असंही म्हटलंय. पोर्तुगीजांनी त्याचं 'मोर्देशीं' केलं आणि फ्रेंचांनी तर कानाला जे ऐकू आलं त्यावरून थेट 'मोर द शियां' करून टाकलं, म्हणजे कुत्र्याचं मरण! हॉब्सन-जॉब्सन नावाच्या 1886 च्या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशात ही सगळी वंशावळ दिलीय आणि मूळ आपल्या कोकणी-मराठी 'मोडणे'शी जोडलंय.

आता खादाडपणाचा त्रास आणि कॉलरा एकाच शब्दात कसे आले, तर तेव्हा जंतू माहीतच नव्हते, सुरुवात दोन्हीकडे सारखीच, उलट्या आणि जुलाब. आयुर्वेदातही विसूचिका, म्हणजे उलट्या-जुलाबांचा आजार, अजीर्णातूनच होते असं मानलंय, त्यामुळे लोकांचं काही चुकलं असं मला वाटत नाही, समोर दिसलं त्याला नाव दिलं. पुढे मोठ्या साथींना पटकी, महामारी असे वेगळे शब्द होतेच.

त्यामुळे आज बिनधास्त वापरा, "काल बासुंदी जास्त झाली, मोडशी झाली" एकदम बरोबर मराठी आहे. फक्त जुलाब तांदळाच्या धुवणासारखे पांढुरके आणि थांबतच नसतील तर आल्यालिंबावर राहू नका, जलसंजीवनी पाजत पाजत तडक दवाखाना गाठा.